जुन्या घरात वॉशिंग मशीनच्या पाण्याची वाट

आमचं घर पुण्यात पेठेतलं. मोरी ऐसपैस, पण मशीनसाठी वेगळी लाइन नव्हती. अशा घरात आधी मोरीची जाळी उचला आणि बादलीभर पाणी एका दमात ओता. तुंबलं, तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी साठवून वास अडवणारा भाग) साफ केल्याशिवाय पुढचं काही करू नका. केस आणि साबणाचा चिकट गाळ तिथेच बसतो.

मग दीड इंची पीव्हीसी पाइप भिंतीला क्लॅम्पने उभा बसवा. फ्रंट लोडसाठी त्याचं तोंड जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटरवर हवं. नेमकी उंची मशीनच्या पुस्तिकेत असते. मशीनचा पाणी सोडणारा होज (लवचिक नळी) जमिनीवरच सोडला, तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. होज पाइपात वीतभर आत जाऊ द्या, पण भोवती टेप गुंडाळून तोंड बुजवू नका. तिथून हवा जायलाच हवी, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जातं. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक मशीनना पंप नसतो, त्यांचा होज मात्र खालीच ठेवा.

उभ्या पाइपापासून मोरीकडे जाणाऱ्या आडव्या पाइपाला दर मीटरला अडीच सेंटीमीटर उतार द्या. पाणी ट्रॅपमधूनच जाऊ द्या; थेट सांडपाण्याच्या बिडाच्या पाइपाला जोडलंत तर घरभर वास आणि झुरळं. बाल्कनीतल्या पावसाळी पाइपात तर मुळीच सोडू नका. साबणाचं ते पाणी पुढे नदीला मिळतं, आणि मुठेची अवस्था आपण रोज बघतोच.

शेवटी रिकामं मशीन लावा आणि पाणी सुटताना मोरीपाशी उभे राहा.