जेटबोटीचा इंपेलर निवडताना: क्राइस्टचर्चच्या कार्यशाळेतील अनुभव

सिंधुदुर्गात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेताना हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत आम्ही सेंट्रिफ्यूगल पंपाची चाचणी घेत असू. पंपाच्या फेऱ्या वाढल्या की पाणी त्याच प्रमाणात वाढते, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, हा नियम तेव्हा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आज न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे जेटबोटींच्या दुरुस्तीचे काम करताना तोच नियम मला जवळजवळ रोज लागतो. या व्यवसायात नव्याने येणाऱ्या, विशेषतः यंत्र शाखेची पदविका घेऊन परदेशी येणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून इंपेलरच्या, म्हणजे जेटबोटीच्या पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, निवडीविषयी मी जे शिकलो ते येथे लिहीत आहे.

कोकणात यांत्रिक होडीच्या प्रोपेलरला आपण पंखा म्हणतो. तो तळाखाली उघड्या पाण्यात फिरतो, म्हणून त्याला खोली लागते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील वायमाकारिरी, राकाया यांसारख्या नद्या मात्र गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक फाट्यांनी वाहतात आणि कित्येक ठिकाणी पाणी घोट्याएवढेच असते. अशा पाण्यात चालणारी होडी हवी म्हणून मॅकेन्झी भागातील आयरिशमन क्रीक या मेंढपाळीच्या शेतावर बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास आपली जेटबोट सिद्ध केली. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचे, बंद नळीत फिरणाऱ्या इंपेलरने त्याला जोर द्यायचा आणि मागच्या तोटीतून ते वेगाने फेकायचे, एवढेच तिचे तत्त्व आहे.

इंपेलर बंद नळीत फिरतो, या एका गोष्टीमुळे निवडीचा सगळा विचार बदलतो. प्रोपेलरच्या होडीत माणसे वाढली किंवा वेग बदलला की इंजिनावरचा भार बदलतो. जेटबोटीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन ज्या फेऱ्यांवर स्थिरावते तो आकडा होडी रिकामी असो वा भरलेली, फारसा हलत नाही. म्हणून जेट युनिट, म्हणजे जाळीपासून तोटीपर्यंतचा हा सगळा पंप, हे इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्रच होय, असे मी मानतो. नव्या माणसाने प्रत्येक होडीचा हा आकडा प्रथम लिहून ठेवावा. तो घसरला असेल तर बहुधा इंजिन थकले आहे किंवा इंपेलरमध्ये काही अडकले आहे. तो वाढला असेल तर पाणी पंपातच मागे गळते आहे, जाळीत कचरा आहे किंवा कोठून तरी हवा ओढली जाते आहे.

हे मी माझ्या पहिल्या वर्षी चुकीतून शिकलो. सुमारे पाच मीटर लांबीची, ५.७ लिटर व्ही-८ इंजिनाची एक होडी आमच्याकडे आली. चार माणसे बसली की ती पाण्यावर उचलून यायला फार वेळ घेते, तेव्हा पाणी अधिक पकडणारा जड इंपेलर बसवावा, अशी मालकाची मागणी होती. जुन्या नोंदीत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४२५० फेऱ्या लिहिल्या होत्या आणि आता ४४५० येत होत्या. इंजिन मोकळे धावते आहे, म्हणजे त्याला अधिक भार पेलवेल, असा तर्क करून मी मालकाच्या म्हणण्याला दुजोरा दिला. नवा इंपेलर बसल्यावर फेऱ्या ३९५० वर आल्या, वेग किंचित घटला आणि उचल होती तशीच राहिली. तेव्हा आमच्या ज्येष्ठ कारागिरांनी फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) मागवून पात्यांची टोके आणि भोवतीची वेअर रिंग (झिजली की बदलता येणारे कडे) यांतील फट चार ठिकाणी मोजली. एका बाजूला ती एक मिलिमीटरहून अधिक होती. दोन हंगामांच्या वाळूने रिंग खाल्ली होती आणि दाबाखालचे पाणी पात्यांच्या टोकांवरून मागे गळत होते. रिंग बदलून, जुन्या इंपेलरच्या कडा नीट करून तोच परत बसवला, तेव्हा फेऱ्या ४२५० वर आल्या आणि होडी पूर्वीसारखी उचलू लागली. मालकाने नव्या इंपेलरवर केलेला खर्च माझ्या सल्ल्याने वाया गेला, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून फट मोजल्याशिवाय मी इंपेलर बदलण्याविषयी बोलत नाही. ही फट किती असावी हे त्या युनिटच्या पुस्तिकेतूनच पाहावे, एका बनावटीचा आकडा दुसरीला लावू नये.

फट मोजण्यासाठी तपासणीच्या झाकणातून आत हात घालावा लागतो. इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय तो हात कधीही आत जाऊ देऊ नये.

रिंग, कडा, जाळी आणि इंजिन हे सारे ठीक असूनही इंपेलर बदलावा लागतो, तो बहुधा इंजिन बदलल्यावर. गेल्या वर्षी अशीच एक होडी आली होती. तिच्या जुन्या इंजिनाचे २५० अश्वशक्तीचे बळ ४२०० फेऱ्यांवर पुरेपूर वापरले जात होते. मालकाने तेथे ६ लिटरचे नवे इंजिन बसवले. त्याचे कमाल बळ ३५० अश्वशक्ती होते, परंतु ते ५२०० फेऱ्यांवर मिळत होते. आता घनाचा नियम लावून पाहा. जुना इंपेलर ४५५० फेऱ्यांवर सुमारे ३१८ अश्वशक्ती खातो आणि नवे इंजिन त्या फेऱ्यांवर तेवढेच देते, म्हणून गाडे तेथेच थांबते. उरलेल्या ३२ अश्वशक्तीचे पैसे दिले, पण त्या वापरता येत नाहीत. ५२०० फेऱ्यांवर ३५० खाणारा इंपेलर हवा असेल तर तो ४२०० फेऱ्यांवर केवळ १८५ च्या आसपास खाणारा, म्हणजे बराच हलका असावा लागतो. उत्पादकांचे तक्ते फेऱ्या आणि शक्ती यांचेच असतात, त्यामुळे हे गणित कागदावर दहा मिनिटांत होते. इंजिनाची शक्ती १० टक्क्यांनी वाढली तर त्याच इंपेलरवर फेऱ्या जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतात, एवढे लक्षात ठेवले तरी ग्राहकाच्या पुष्कळ अपेक्षा वेळीच खाली आणता येतात.

तरीही त्या होडीला आम्ही सर्वांत हलका इंपेलर दिला नाही. फेऱ्या वाढल्या की कॅव्हिटेशनचा धोका वाढतो. होडी थांबलेली किंवा संथ असताना तळाच्या तोंडाशी पाणी स्वतःच्या वेगाने आत येत नाही, पंपाला ते ओढून घ्यावे लागते. पात्यांच्या पाठीवरचा दाब फार उतरला तर साध्या तापमानालाच पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटून धातूवर खड्डे पाडतात. खड्ड्यांपेक्षाही आधी जाणवते ती जोराची घट आणि आतून येणारा खडी हलवल्यासारखा आवाज. सहा माणसे घेऊन उथळ पाण्यातून निघणाऱ्या होडीला नेमका याच क्षणी जोर लागतो. म्हणून ४९०० फेऱ्यांच्या आसपास स्थिरावणारा मधला इंपेलर आम्ही निवडला. एकट्याने शर्यत करणारा मालक असता तर निवड वेगळी झाली असती. चांगल्या उत्पादकाच्या आलेखावर कोणत्या वेगाखाली किती शक्ती लावू नये याची रेषा आखलेली असते. मी आधी तीच पाहतो.

हवा ओढली जाणे हा निराळा दोष आहे आणि नवे कारागीर दोहोंची गल्लत करतात. हवा शिरली की फेऱ्या एकदम उसळतात आणि पुन्हा बसतात, वळणावर किंवा लाटांत हे अधिक होते. त्यावर उपाय इंपेलरमध्ये सापडत नाही. तळाचा सांधा, सील आणि होडीतील वजनाची मांडणी तपासावी.

धातूविषयी थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त असते, परंतु गोट्यांच्या नदीत त्याच्या कडा लवकर झिजतात. स्टेनलेस स्टील टिकते आणि वायमाकारिरीसाठी मी तेच सुचवतो. कड कानशीने नीट करताना मूळ गोलाई जपावी, सुरीसारखी धार काढू नये. अमेरिकेतील बर्कली बनावटीच्या पंपांत इंपेलरच्या व्यासाला ए, बी, सी अशी अक्षरे असतात. पुढचे अक्षर म्हणजे लहान व्यास आणि कमी भार. वापरलेला इंपेलर घेताना मात्र अक्षरावर विसंबू नये, कारण आधीच्या कोणीतरी तो लेथवर उतरवून लहान केलेला असू शकतो. कॅलिपर लावून व्यास स्वतः मोजावा.

इंपेलर आणि मागची तोटी एकाच दिवशी बदलण्याचा मोह टाळावा. तोटी लहान केली की धार वेगवान होते, पण पाण्याचे प्रमाण कमी होते. हलक्या, वेगवान होडीला ते मानवते, जड होडीला मानवत नाही. दोन्ही बदल एकत्र केले तर कशाने काय घडले ते कळत नाही.

चाचणी नदीवर घेणार असाल तर तोच टप्पा प्रवाहाविरुद्ध आणि प्रवाहाबरोबर दोनदा चालवून जीपीएसवरील वेगाची सरासरी घ्यावी. पेट्रोल आणि माणसे दरवेळी सारखी ठेवावीत आणि थांबलेल्या अवस्थेतून पाण्यावर उचलून येण्यास लागलेले सेकंद मोजावेत, कारण कुटुंबाच्या होडीत मालकाला कमाल वेगापेक्षा हाच फरक आधी जाणवतो. ४९०० फेऱ्यांसाठी निवडलेल्या त्या इंपेलरने पहिल्या दिवशी ४८७० दाखवल्या. मी तो आकडा, चारही ठिकाणची फट, हवेचे तापमान आणि होडीतील माणसांची संख्या कार्डावर लिहिली आणि ते कार्ड इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून दिले.