चर्चेतले मराठी पॉडकास्ट असे शोधले

ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमधल्या ट्रेंडिंग यादीत मराठी पॉडकास्ट औषधालाही सापडत नव्हते. कारण सरळ आहे: ॲपलचा टॉप चार्ट देशानुसार लागतो, भाषेनुसार नाही. भारताच्या यादीत हिंदी-इंग्रजीचीच गर्दी.

तोडगा निघाला पॉडकास्ट इंडेक्समध्ये. २०२० साली सुरू झालेली ही खुली सूची. तिच्या एपीआयची (प्रोग्रामने थेट माहिती मागवायच्या सोयीची) की, म्हणजे वापराची किल्ली, आणि सोबतचा गुप्त कोड 'सीक्रेट' फुकट मिळतात. ट्रेंडिंगची यादी मागताना भाषेचा कोड 'एमआर' दिला की मराठी पॉडकास्ट वेगळे निघतात. फक्त ओळख पटवायला की, सीक्रेट आणि युनिक्स वेळ (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) सलग जोडून त्याचा शा-१ हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने काढलेला ठसा, पाठवावा लागतो. जुन्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलेलं, त्यामुळे सारखा ४०१, म्हणजे ओळख न पटल्याचा एरर यायचा. वेळ इंटरनेटवरून जुळवली आणि गाडी चालू झाली.

तरी ओळखीची काही नावं गायबच. त्यांची आरएसएस फीड (पॉडकास्टची माहिती आणि भागांची यादी असलेली फाइल) उघडली तर भाषेच्या टॅगमध्ये चक्क 'ईएन', म्हणजे इंग्रजी! आपसूक भरलेलं कोण बदलतंय म्हणा. मग भाषेची अट काढून मोठी यादी मागवली आणि वर्णनात 'आहे', 'आणि' शोधणारी चाळणी लावली. नुसत्या देवनागरीवर भागत नाही, हिंदीही आत येते. रोमन लिपीत वर्णन लिहिणारे मात्र अजून निसटतात.