चादरीच्या डिझाइनसाठी स्केचिंग ॲप बनवताय? या चुका टाळा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या डिझायनरसाठी ॲप करायला निघालेले बरेच जण थेट कोड लिहायला बसतात. डिझायनर ग्राफ (घरं रंगवून केलेला विणीचा आराखडा) कसा भरतो, कुठे खोडतो, हे शेजारी बसून कुणी बघत नाही. मग पुढच्या चुका ठरलेल्या.

सगळ्यात महागात पडतं ते ग्राफचं चौरस घर. समजा, इंचाला ताण्याचे (उभे) ६० धागे आणि बाण्याचे (आडवे) ४०. स्क्रीनवर १२० बाय १२० घरांत काढलेलं फूल छान गोल दिसतं. मागावर ते २ इंच रुंद आणि ३ इंच उंच होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत हे कळतं ते थेट नमुना विणल्यावर. तोवर डिझाइन मंजूर झालेलं असतं आणि पंचकार्डाची जकार्ड (भोकं पाडलेल्या कार्डांप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारी यंत्रणा) असेल तर बाण्याच्या दर धाग्याला एक अशी १२० कार्डं पंच झालेली असतात. लागणार होती ८०. मग कुणीतरी घाईने उंची दाबून घेतो. असं अजिबात करू नका. मधल्या ओळी उडाल्या की देठ तुटतात, पाकळ्यांना पायऱ्या पडतात आणि ग्राफ पुन्हा हातानेच भरावा लागतो. कारखान्याचे ताण्या-बाण्याचे आकडे एकदा भरून घ्या आणि घर त्याच प्रमाणात दाखवा. इथे उंची रुंदीच्या दीडपट.

मऊ कडांचा ब्रशही नको. कड गुळगुळीत दिसावी म्हणून ॲप मधल्या छटा भरतं आणि ३ रंगांच्या नक्षीत डझनभर रंग शिरतात. तेवढे धागे मागावर नसतात. एकेक ठिपका साफ करण्यात डिझायनरची दुपार जाते. कड कडकच ठेवा.

रिपीट (कापडावर पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा) 'प्रिव्ह्यू'च्या बटणामागे लपवू नका. २४० हुकांवर (रिपीटमधल्या ताण्याच्या दर धाग्याला एक हुक), इंचाला ६० धाग्यांनी, तो ४ इंचांचा होतो. रेघ ओढतानाच ती शेजारच्या रिपीटमध्ये उमटलेली दिसली, तरच सांधा जुळतो.

रेघ आपोआप सरळ करणं बंद. कच्चं स्केच कच्चंच दिसायला हवं, नाहीतर सफाई बघून मालक पहिलाच बुट्टा पक्का करतो. कागदावर चार बुट्टे शेजारी-शेजारी काढायची सवय असते, ती मोडू नका.

पेन टेकलेला असताना तळहाताचा स्पर्श मोजू नका. सुरुवातीलाच फाइलचं नाव मागू नका.

आणि नमुन्याआधी खऱ्या मापाची प्रिंट काढून पट्टी लावा. स्क्रीनवरचे १०० टक्के म्हणजे माप नव्हे.