मागच्या हाउसिंगचं ऑइल बदलताना आधी वरचा बोल्ट

जुनी अॅम्बेसेडर असो की जीप, मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियल गिअरच्या डब्याचं, ऑइल सोडण्याआधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सैल करून बघा. तो गंजून बसला असेल आणि खालचा आधीच उघडलात, तर ऑइलविना गाडी कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजपर्यंतही नेता येणार नाही. वरचा बोल्ट सुटला की गाडी रंकाळ्याकडून एक फेरी मारून आणा. गरम ऑइल गाळासकट उतरतं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पंचगंगेच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचं तर तपासाच, ब्रीदरही (हाउसिंगमधली हवा बाहेर जायचं छिद्र) साफ करा. बोटाला धातूची बारीक चमक लागली तर चालतं, दाताचा तुकडा आला तर मिस्त्रींना दाखवा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, बहुधा ईपी ९० गिअर ऑइल, सपाट जागेवर वरच्या बोल्टच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. जास्त कोंबलं तर सीलमधून ब्रेक लायनरवर येतं.