धोक्याची सूचना कुणापर्यंत पोचते?

पुण्यात एका मॅनेज्ड होस्टिंग कंपनीत, म्हणजे ग्राहकांच्या वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हा लिनक्सच्या कमांड मला तोंडपाठ होत्या. तिसऱ्या आठवड्यात नाइट शिफ्ट मिळाली आणि पहाटे पावणेतीनला अलर्ट आला. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ग्राहकाच्या सर्व्हरची डिस्क 100 टक्के भरली होती. साइट उघडत होती, पण डेटाबेसला लिहायला जागाच नसल्याने ऑर्डर जात नव्हती. ऐन लग्नसराईत.

शोधाशोध केल्यावर एनजिनएक्सची, म्हणजे साइट दाखवणाऱ्या वेबसर्व्हर प्रोग्रामची, 38 जीबीची लॉग फाइल (नोंदींची फाइल) सापडली. मी ती उडवली. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी डीएफ कमांड चालवून पाहिली, तर तरीही 100 टक्के. फाइलींचा आकार मोजणाऱ्या डीयूच्या हिशेबात फाइल गेलेली, डीएफच्या हिशेबात जागा अडलेलीच. हात थंड पडले. शिफ्ट लीडला फोन लावला.

"फाइल उडवलीस, पण एनजिनएक्स ती अजून उघडी धरून बसलाय. तो सोडेपर्यंत जागा सुटायची नाही. एलएसओएफ चालव, उघड्या फाइलींची यादी येईल, त्यात 'डिलीटेड' लिहिलेली ओळ शोध."

ओळ सापडली. एनजिनएक्सला लॉग नव्याने उघडायचा सिग्नल दिला आणि क्षणात 38 जीबी मोकळे झाले. मला वाटलं, काम झालं. पण लीडने विचारलं, "80 टक्क्यांना इशारा आला नव्हता का?"

आला होता, 11 दिवसांपूर्वी. ज्या मेलबॉक्समध्ये गेला, तो सांभाळणारा माणूस दुसऱ्या टीममध्ये गेला होता. जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढून टाकणारं लॉगरोटेटही त्याच सुमारास एका चुकीच्या ओळीमुळे थांबलं होतं, आणि तीही तक्रार तिथेच पडून होती.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच किस्सा सांगते. यंत्रं बिघडणारच. बिघाडाची खबर जाग्या माणसापर्यंत पोचते की नाही, हे पाहणं हे आपलं खरं काम. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. बॅकअप घेणारं टूल जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे ते दर वेळी अडत होतं. अपयशाचे मेलही निघत होते, पण समोरचा मेलसर्व्हर ते नाकारत होता. योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता, म्हणून बराचसा डेटा वाचला. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहून ठेवलंय. नोकरी शोधण्याआधी वाचाच.

साइटची ओळख पटवणाऱ्या, मुदत असलेल्या एसएसएल सर्टिफिकेटचंही तसंच. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं साधारण 90 दिवसांची असतात, सोय केली असेल तर आपोआप नवी होतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. जून 2025 पासून मुदतीची आठवण करून देणारे त्यांचे मेलही बंद झालेत. तारखेवर नजर आपणच ठेवायची.

शिकायचं कसं? एक स्वस्तातली व्हर्च्युअल मशीन (भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घ्या, त्यावर वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर चढवा आणि मग ती मुद्दाम मोडा. डिस्क भरा. लाखो रिकाम्या फाइली करून आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपवा. जागा शिल्लक असूनही "जागा नाही" असं उत्तर येतं, ते स्वतः बघा. डेटाबेस बंद पाडा आणि अलर्टचा फोन किती वेळाने वाजतो ते घड्याळ लावून मोजा. ग्राहकाला 99.9 टक्के अपटाइमचा, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहील असा शब्द दिला, तर महिन्याला बंद राहायला जेमतेम 43 मिनिटं हातात असतात. त्यातली 20 कळण्यातच गेली तर दुरुस्तीला काय उरलं? आणि तपासणी बाहेरून करा, होमपेजची नव्हे तर ऑर्डरची. त्या रात्री होमपेज शेवटपर्यंत चालूच होतं.

आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका ग्राहकाचा बॅकअप चिठ्ठी काढून निवडतो आणि वेगळ्या मशीनवर पूर्ण उभा करतो. मागच्या खेपेला 50 मिनिटं लागली. कागदावर आम्ही 20 लिहिली होती. त्याच दुपारी आकडा बदलला आणि ग्राहकाला फोन करून सांगितलं.