कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके

एफवाय बीएस्सीच्या पहिल्याच महिन्यात मी जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सहीला नेलं. मॅडमनी एका आकृतीवर पेन टेकवून विचारलं, "ही कशाची स्लाइड?" "कांद्याची," मी म्हटलं. "मग यात हे हिरवे ठिपके कुठून आले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकृती मी एका सीनियर ताईच्या जर्नलवरून उतरवली होती आणि तिनं ती पुस्तकातल्या 'वनस्पती पेशी'वरून. ते ठिपके म्हणजे हरितलवकं, आणि ती असतात उजेडात वाढलेल्या हिरव्या भागात. कांद्याच्या आतल्या पांढऱ्या पाकळीत ती नसतातच. घरी रोज कांदा चिरणारी मी, तो आतून पांढरा असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी वहीत मी तो हिरवा केला, कारण छापलेलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. "दिसलं ते काढ. दिसत नसेल तर दिसेपर्यंत बस," एवढंच म्हणाल्या.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या गावांतून, साक्री-शिरपूरकडून, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून यंदा जी मुलं-मुली बायोलॉजीला येताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपण बारावीपर्यंत पाठ करून मार्क मिळवलेले असतात. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी ती सवय आडवी येते, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सुरुवात मायक्रोस्कोपपासून. आमच्या लॅबमध्ये आरशाचे मायक्रोस्कोप होते, त्यामुळे खिडकीजवळची जागा पकडायला सगळे लवकर यायचे. आरसा उजेडाकडे फिरवून आधी पूर्ण गोल उजळून घ्यायचा. मग कायम १०एक्सच्या लेन्सनं सुरू करायचं. वरची आयपीसही १०एक्सची असेल तर वस्तू १०० पट मोठी दिसते. हवी ती जागा बरोबर मधोमध आणायची आणि मगच मोठी लेन्स फिरवायची. मोठ्या लेन्सवर फक्त बारीक स्क्रू हलवायचा. माझ्याकडून तिथं मोठा स्क्रू फिरला आणि कव्हर स्लिप, म्हणजे स्लाइडवरची पातळ काच, टचकन फुटली. लेन्स वाचली, पण त्या दिवसाची स्लाइड गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. लेन्स ओढणीनं पुसू नका, धुळीच्या कणांनी तिच्यावर ओरखडे पडतात. लॅबमध्ये त्यासाठी वेगळा मऊ कागद मिळतो, तो मागून घ्या.

माझ्या शेजारी साक्रीकडची मैत्रीण बसायची. पहिला आठवडाभर ती म्हणायची, "माले ते काहीच दिसत नही." मग एक दिवस तिला फार सुंदर गोल पेशी दिसल्या, काळ्या जाड कडेच्या. ते हवेचे बुडबुडे होते! आम्हा सगळ्यांनाच आधी बुडबुडेच दिसले. कव्हर स्लिप वरून आडवी टाकली की हवा अडकते. तिची एक कड थेंबाला टेकवायची आणि दुसरी सुईवर तोलून हळूहळू खाली सोडायची. सॅफ्रनिनचा रंगही एक थेंब पुरे. जास्त झाला तर सगळं लालभडक होतं आणि केंद्रक ओळखू येत नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते कांद्याच्या मुळांच्या स्लाइडनं. मुळाचं टोक सतत वाढत असतं, म्हणून तिथल्या पेशी विभाजन होताना सापडतात. सकाळी कापलेली टोकं अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या ३:१ मिश्रणात ठेवतात. त्यानं पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबते. मग ॲसिडमध्ये मऊ करायची, ॲसिटोकार्मिननं रंगवायची, कव्हर स्लिप ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलकं ठोकायचं आणि शेवटी ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्यानं सरळ दाबायचं. दाबताना स्लिप केसभरही सरकली तर पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात. माझ्या पहिल्या चार स्लाइड तशाच गेल्या. पाचवीत बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या होत्या. मी निराश झाले, पण खरं तर तसंच दिसायला हवं. कुठल्याही क्षणी थोड्याच पेशी विभागत असतात. मी २०० पेशी मोजल्या, त्यात १८ विभाजनात होत्या, म्हणजे ९ टक्के. त्यांतल्या एकीत गुणसूत्रं मधल्या रेषेवर ओळीनं लागलेली दिसली. कांद्याची गुणसूत्रं १६. ती मला नीट मोजता आली नाहीत, म्हणून आकृतीखाली मी '१६' लिहिलं नाही, 'स्पष्ट मोजता आली नाहीत' असं लिहिलं. मॅडमनी त्या पानावर सही केली.

केळीनं मात्र मला खरा धक्का दिला. आमच्याकडे केळीचा बाग आहे. केळी निसवते, घड धरतो, फण्या मोजतात, हे सगळं जन्मापासून पाहिलेलं. केळात बी का नसतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बाजारातली केळी त्रिगुणित असते. ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे लैंगिक पेशी तयार होताना, त्यांच्या सरळ जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. फळ मात्र फलनाशिवायच भरतं. केळाची चकती कापली की मधे बारीक काळे ठिपके दिसतात ना, ती न वाढलेली बीजांडं. म्हणूनच केळी बियांनी लावत नाहीत, कंद नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणतात. हे मी अण्णांना बागेत चकती कापून दाखवलं. ते बराच वेळ ती हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्या बागेला एकच रोग धरतो, तो यामुळेच का?" बरोबर होतं त्यांचं. एकाच रोपापासून वाढवलेली झाडं जनुकीयदृष्ट्या सारखी असतात, त्यामुळे करप्यासारखा रोग आला की कुणालाच वेगळी ताकद नसते.

कच्च्या आणि पिकलेल्या केळावर आयोडीनचा थेंब टाकून बघा. कच्चं निळं-काळं होतं, पिकलेलं फार कमी, कारण पिकताना स्टार्चची साखर होते. पिकलेलं केळं कुस्करून, मीठ आणि भांड्याचा साबण घालून, गाळून, वर गार अल्कोहोल सोडलं की पांढरे धागे तरंगतात. त्याला 'शुद्ध डीएनए' म्हणू नका, त्यात पेक्टिन आणि प्रथिनंही असतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला हेच विचारलं होतं.

बेडूक कापावा लागतो का, असं प्रत्येक नवा मुलगा विचारतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांतलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. आता मॉडेल, तक्ते आणि बरणीतले नमुने असतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या स्लाइडबद्दल मात्र सांगायलाच हवं. आमच्या वर्गात धडगावकडची एक मुलगी होती. सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये हा आजार आढळतो. तिनं कोयत्यासारखी वाकलेली रक्तपेशी पाहिली आणि कितीतरी वेळ मायक्रोस्कोप सोडला नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्याशा बदलानं हे होतं. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांकडेही तो बदललेला जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सुट्टीत ती घरी गेली तेव्हा चौकटी काढून सगळ्यांना हे समजावून आली आणि भावाची तपासणी करून घेतली.

शब्दांची भीती बाळगू नका. मी वहीत तीन रकाने पाडले होते: पर्णरंध्र, स्टोमाटा, शेजारी छोटी आकृती. दिवाळीपर्यंत ती वही उघडायची गरज राहिली नाही. जर्नल मात्र त्याच दिवशी पूर्ण करा. सबमिशनच्या आठवड्यात लिहायला बसलात की पुन्हा कुणाची तरी आकृती उतरवाल.

पहिल्या प्रॅक्टिकलला एचबी पेन्सिल, नवं ब्लेड, बारीक ब्रश, सुई आणि जुना सुती रुमाल न्या. मुळांच्या स्लाइडसाठी कांद्याची वाळलेली मुळं खरवडून काढा आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा तो बरणीच्या तोंडावर ठेवा. पाणी रोज बदला. मुळं फुटायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून प्रॅक्टिकल गुरुवारी असेल तर कांदा रविवारीच ठेवा.