महोगनीची फळी रंधावी कशी, पॉलिश करावी कशी

वखारीत ‘महोगनी’ म्हटलं की कधी मेरांटीही पुढे येते. तिचा महोगनीशी काही संबंध नाही. आफ्रिकन महोगनी निदान चुलत बहीण तरी आहे. खरी महोगनी वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतली, आपल्या कडुनिंबाच्या कुळातली. आपल्याकडे मिळते ती बहुतेक लागवडीची. कोवळ्या झाडात बाहेरचा पांढरट भाग जास्त असतो आणि किडा तिथेच लागतो, म्हणून लालसर नार, म्हणजे आतला गाभा, बघूनच फळी घ्या.

आणलेली फळी दोन-तीन आठवडे खोलीतच, खाली पट्ट्या देऊन, आडवी ठेवा. वाळताना हे लाकूड फार कमी आकसतं. म्हणूनच पेटीच्या झाकणाला आणि टेबलाला ते इतकं शोभतं.

आता रंधा. खरी परीक्षा इथे आहे. महोगनीची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, बऱ्याचदा एक पट्टा इकडे, एक तिकडे अशी उलटसुलट जाते. उजेडात रेशमासारखी चमक येते ती त्यामुळेच, आणि रंध्याखाली खपल्या उडतात त्याही त्यामुळेच. फळीवर थोडं स्पिरिट पुसलं की पट्टे स्पष्ट दिसतात. पात्याला नव्यानं धार लावा, वरची पट्टी धारेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटरवर आणा, रंधा किंचित तिरका धरा आणि कागदासारखा पातळ छिलका काढा. तरी खपली उडालीच तर जोर लावू नका. तेवढी जागा स्क्रॅपरनं, म्हणजे खरवडायच्या पोलादी पत्र्यानं, साफ करा. जुने सुतार त्यासाठी काचेचा तुकडा वापरत.

मग १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लांबीच्या दिशेनं. तोंडाला मास्क हवाच, ही धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते.

छिद्रं मोठी असतात, ती भरल्याशिवाय आरशासारखं पॉलिश येत नाही. खडूच्या भुकटीत गेरू मिसळून लाकडाच्या रंगाला आणा, पातळ लाखेत कालवा आणि रेषेच्या आडवं चोळा. गेरू विसरलात तर पुढे छिद्रांत पांढरे ठिपके उमटतात, आणि ते काढायला सगळं पुन्हा घासावं लागतं. वाळल्यावर हलकं घासून घ्या.

शेवटी लाख. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, रात्रभर भिजवून गाळा आणि कापडाच्या बोळ्यानं पातळ हात द्या, सहा-सात तरी. पावसाळी हवेत लाख पांढुरकी पडते, तेव्हा कोरडा दिवस निवडा.

स्क्रू पितळेचेच लावा. दमट हवेत लोखंडाभोवती या लाकडाला काळे डाग पडतात.